एकाच मालाचे दोन लिलाव

लिलाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कुणाचं तरी घर येतं. दारावर नोटीस, अंगणात भांडी, तोंडाला पदर लावलेली बाई. मी सतरा वर्षं उल्हासनगरात लिलाव पुकारला. माझ्या पुकाऱ्यात कुणाचं घर गेलं नाही. चिंध्या गेल्या. त्यांनाही कटपीस म्हणायची सक्ती होती, कारण चिंधी म्हटलं की भाव पडतो.

संपादक म्हणाले, बाई, जसं बोलता तसंच लिहा. तसं लिहिलं तर त्यांना अंक छापता येणार नाही, म्हणून सावरून लिहिते. माझं शिक्षण चौथी. शुद्धलेखन नातीने तपासलं आहे. तिने मधे मधे फुलं-पाखरं घातली होती, ती मी काढली.

आधी धंदा सांगते. गिरणीत ठाणाची टोकं उरतात, कुठे डाग पडतो, कुठे छपाई हलते, कुठे माप कमी भरतं. असलं कापड गाठी बांधून उल्हासनगरला यायचं. आमचा होतू शेठ ते वजनावर घ्यायचा. त्याच्या गाळ्यात आम्ही आठ बायका गाठ फोडून निवडायला बसायचो. शर्टाचा तुकडा इकडे, परकराचा तिकडे, ज्यातून लंगोटही निघणार नाही ते गादीवाल्याला. मग ढीग लावायचे. वर चांगलं, आत बाकीचं. याला फसवणूक म्हणत नाहीत, ढीग लावणं म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता लिलाव.

पुकारायला आधी एक माणूस होता. एका शुक्रवारी त्याचा घसा बसला. त्याच वेळी मी मागे एका बाईला शिव्या घालत होते, कारण तिने माझी निवडलेली रास पायाने उडवली होती. होतू शेठने ते ऐकलं आणि म्हणाला, ये बाई पुकारेगी. माझी बढती अशी झाली. हातात लोखंडी गज दिला, समोर तेलाचा उलटा डबा ठेवला. भाव वाढता वाढता थांबला की एक, दोन, तीन म्हणायचं आणि गज डब्यावर मारायचा. डबा वाजला की माल त्याचा.

बाहेरच्याला वाटतं लिलावात सगळे ओरडतात. ओरडते ती एकटी पुकारणारी. घेणारे मुके असतात. लछू शेठ चष्मा काढायचा, म्हणजे त्याने पाच रुपये वाढवले. टोपण शेठ तोंडातली सुपारी चघळायचा थांबायचा, म्हणजे त्याचेही पाच. त्याचा मेहुणा परसू कानात करंगळी घालायचा. एकदा उन्हाळ्यात त्याचा कान खरंच दुखत होता, त्या दिवशी तो अस्तराचे तीन ढीग घेऊन घरी गेला.

किरकोळ गिऱ्हाईकही यायचं. अंबरनाथच्या कारखान्यातला एक कामगार एका शुक्रवारी आला आणि खांबाच्या डाव्या बाजूला उभा राहिला. त्याची बायको त्याच शुक्रवारी वेगळी आली आणि खांबाच्या उजव्या बाजूला उभी राहिली. दोघांनाही पडद्याच्या कापडाचा एकच ढीग आवडला. खांबामुळे त्यांना एकमेकांचे हात दिसत नव्हते, मला दिसत होते. दोघांना मी ओळखत होते, बुवापाड्यात आमच्याच गल्लीत राहायची. पहिल्याच बोलीला थांबवायला हवं होतं. मी पाचव्या बोलीला थांबवलं. माल त्यांच्याच घरात गेला, त्यामुळे पाप लागलं नसावं. त्या बाईने दोन वर्षं माझ्याशी बोलणं सोडलं आणि विहारात माझ्या शेजारी बसणंही.

आता जे लिहायचं नाही ते लिहिते. मोठे व्यापारी आठ होते आणि त्यांची रिंग होती. म्हणजे लिलावाआधी चहा पिताना ते ठरवायचे, हा ढीग लछूचा, तो टोपणचा. ज्याचा ढीग त्यानेच बोलायचं, बाकी सात जणांनी गप्प बसायचं. माल स्वस्तात सुटायचा. मग तेच आठ जण हॉटेलात बसून तोच माल आपसात परत लिलावाला लावायचे. तिथे खरा भाव निघायचा, आणि वरचा फरक आठ जण वाटून घ्यायचे. हा दुसरा लिलाव तोंडाने नाही व्हायचा. एक जण मध्ये बसायचा, हातावर रुमाल टाकायचा. प्रत्येकाने रुमालाखाली हात घालून त्याची बोटं दाबायची. तीन बोटं म्हणजे तीनशे, पंजा म्हणजे पाचशे, पंजा आणि वर एक बोट म्हणजे सहाशे. कुणी किती दाबली ते फक्त मधल्याला कळायचं.

यात माझं काम एवढंच, की दोन आणि तीनच्या मधे श्वास घ्यायचा नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकाचा हात वर येईपर्यंत डबा वाजलेला पाहिजे. त्याबद्दल दर दिवाळीला रिंगकडून मला एक साडी यायची. साडी चांगली असायची. वाईट असती तर मी कधीच बोलले असते.

एका मंगळवारी, एकोणनव्वद नाहीतर नव्वद साल असेल, मे महिन्यात बदलापूरहून दोन माणसं गाळ्यात आली. एक प्रधान मॅडम, डॉक्टरांची बायको, हातात वही. दुसरे भोईर सर. जांभूळ गावचे. लहानपणी देवी आल्या त्यात दोन्ही डोळे गेले होते. बदलापुरात एका भाड्याच्या बंगल्यात अंध मुलामुलींची शाळा होती, तिथले ते मुख्याध्यापक. लिलाव चालू होता. सर ढिगाशी आले, सरळ कोपरापर्यंत हात आत घातला आणि वर्गात सांगावं तशा आवाजात म्हणाले, "वर टेरिकॉट आहे, आत सगळं मांजरपाट."

ढिगाचा भाव जागच्या जागी निम्मा झाला. मी विचारलं, "तुम्ही माल घ्यायला आलात की धंदा बसवायला?"

"मदत मागायला," सर म्हणाले.

"मग हात खिशात ठेवून मागा."

होतू शेठ हसून हसून गादीवर आडवा झाला. त्याने त्यांना बसवून घेतलं. काम असं होतं. शाळा चौथीपर्यंतच होती. त्या वर्षी सहा मुली चौथी पास झाल्या होत्या. पाचवीचा वर्ग काढायचा तर ब्रेलची, म्हणजे बोटांनी वाचायच्या ठिपक्यांची, पुस्तकं हवी होती आणि वर्षभर पगार देऊन एक शिकलेली बाई ठेवायला हवी होती. जूनच्या आत पैसे उभे राहिले नाहीत तर सहाही मुली आपापल्या घरी जाणार. म्हणून समितीने वस्तू गोळा करून लिलाव ठेवला होता. शेठने दोन गाठी कापड दिलं, आपले सगळे व्यापारी घेऊन येतो म्हणाला, आणि वर मलाही देऊन टाकलं. ये पुकारेगी, म्हणाला. मला कुणी विचारलं नाही.

घरी जाणार म्हणजे काय हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. चौथीनंतर मीही घरी गेले होते. मला दिसत होतं, म्हणून निदान भांड्याला लावलं. त्या मुलींना कोपऱ्यात बसवून ठेवणार होते.

लिलावाच्या आदल्या दिवशी मी मालाची यादी करायला शाळेत गेले. लोकांनी मनापासून दान दिलं होतं, म्हणजे घरात नको होतं ते सगळं दिलं होतं. भिंतीवरची घड्याळं पाच, त्यातली चार रिटायर होताना मिळालेली. दोन पट्ट्या मुक्या असलेली पेटी. प्लास्टिकच्या फुलांचे गुच्छ. आणि लेमन सेट अकरा. लग्नात आलेला लेमन सेट कुणी उघडत नाही, पुढच्या लग्नात देतो. ते अकरा सेट निम्म्या बदलापूरची लग्नं फिरून तिथे आले होते. कामाच्या वस्तू थोड्याच. एका कारखान्याने दिलेल्या चार नव्या शिलाई मशीन, एका फर्निचरवाल्याचा सागवानी सोफा आणि आमच्या शेठच्या दोन गाठी. पाचवीचा वर्ग या सात वस्तूंवर उभा राहणार होता. बाकीच्यातून झाडू-खडूचा खर्च निघाला तरी खूप.

मी मोजत होते तेव्हा सुमन नावाची एक मुलगी माझ्यामागे उभी राहिली. सहातली एक. तिने मला विचारलं, पाचवीत काय शिकवतात. मी म्हटलं, मला काय माहीत, मी गेले नाही. ती म्हणाली, मग तुम्ही कशाला एवढं मोजताय. मी म्हटलं, तू तिकडे जाऊन बस. दुसरं काय सांगणार.

प्रधान मॅडमना वाटत होतं, प्रत्येक वस्तूआधी मुलांनी एक गाणं म्हणावं. मी नाही म्हटलं. गाणं ऐकून माणूस डोळे पुसतो, आणि डोळे पुसायला लागलेला माणूस बोली लावत नाही. मॅडमना माझं बोलणं टोचलं. सर म्हणाले, बाई बरोबर सांगतात, आणि मुलांना गाणीही चांगली येत नाहीत.

लिलाव रविवारी सकाळी बदलापूरच्या एका मंगल कार्यालयात झाला. पुढे सोफ्यावर समिती, दुसऱ्या रांगेत आमचे आठ व्यापारी पांढरेशुभ्र कपडे घालून, मागे गावातली मंडळी. होतू शेठ हार घालून घेऊन, दोन शब्द बोलून निघून गेला. सुरुवात करायचा मान समितीने एका निवृत्त हेडमास्तरांना दिला होता. ते म्हणाले, "उपस्थित सज्जनहो, या नयनमनोहर सरबतपात्रसंचासाठी आपण आपली इच्छित रक्कम उच्चारावी." लछूने चष्मा काढला. टोपणने सुपारी थांबवली. हेडमास्तरांनी सभागृहावरून नजर फिरवली आणि खेदाने सांगितलं की कुणीही बोली लावलेली नाही. असं तीनदा झालं. चौथ्यांदा परसू कानात करंगळी घालून एवढा वेळ बसला की शेजारच्या बाईने त्याला कापसाचा बोळा देऊ केला.

मग मी माझा गज आणि डबा घेऊन वर गेले. लेमन सेटपासून सुरू केलं. सातवा सेट मी वर धरला तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने हात वर केला आणि खाली घेईचना. भाव चढत गेला. नंतर कळलं, तो सेट तिनेच दान दिला होता, आणि तो तिला लग्नात देणारी नणंद मागच्या रांगेत येऊन बसली होती. बाईने आपलाच सेट दुकानातल्या भावाने परत घेतला. अशी चार घरं मिळाली असती तर पाचवीच काय, अख्खं हायस्कूल झालं असतं.

नंतर सात मोठ्या वस्तू आल्या. मी पहिली मशीन पुकारली. तीनशे. लछूने चष्मा काढला. एक, दोन, तीन, डबा. दुसरी मशीन, लछू, डबा. चारही मशीन त्याला गेल्या. सोफा परसूला. दोन गाठी टोपणला, चिंधीच्या भावात. पाच मिनिटांत सगळं साफ. माझा हात वाऱ्यासारखा चालला होता आणि मला आपण फार छान पुकारतोय असं वाटत होतं. प्रधान मॅडमनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यामागे सगळ्यांनी.

भोईर सर टाळ्या वाजवत नव्हते. लोक उठले तेव्हा ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "गयाबाई, लेमन सेटच्या वेळी सगळ्या खुर्च्या वाजत होत्या. मोठ्या वस्तूंना दर वेळी एकच खुर्ची वाजली. दुसऱ्या रांगेत सात माणसं एवढी गप्प कशी बसली?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. व्यापाऱ्यांनी सकाळी चहा पिताना सवयीने रिंग केली होती, आणि मी सवयीने डबा वाजवला होता. रोजच्यासारखं, दोन आणि तीनच्या मधे श्वास न घेता. मागच्या रांगेत एक शिंपी मशीनसाठी हात वर करत होता, तोही आता आठवला. मी त्याला बघितलं होतं आणि बघितलं नव्हतं.

प्रधान मॅडम वही घेऊन आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, पुस्तकं येतील, पण शिकवायला कुणी ठेवता येणार नाही. म्हणजे ठिपक्यांची पुस्तकं कपाटात आणि मुली घरी.

मी सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. रिंग, डबा, साड्या. मला वाटलं आता ते मला काहीतरी लागेल असं बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "ते आत्ता कुठे असतील?"

"चहाला."

"नुसत्या चहाला?"

"नाही. दुसऱ्या लिलावाला."

"मग चला की," म्हणाले, आणि माझ्या कोपराला धरून माझ्यापेक्षा भराभर चालू लागले.

कार्यालयाच्या समोरच्याच हॉटेलात आठही जण दोन टेबलं जोडून बसले होते. टेबलावर रुमाल होता आणि भांडण चालू होतं. मध्ये बसायला नेहमी परसू असायचा, पण तो टोपणचा मेहुणा. तो रुमालाखाली ऐकतो आणि डोळ्याने टोपणला सांगतो, असा बाकीच्यांचा जुना संशय. दर आठवड्याला यावरून अर्धा तास जायचा. त्या दिवशी तेवढ्यामुळे आम्ही वेळेत पोचलो.

मला बघून लछूने खुर्ची पुढे केली. "आओ अदी, चाय पियो." अदी म्हणजे सिंधीत मोठी बहीण.

"चहा नंतर. माल कुणाचा?"

"हमारा. तूने ही तो डब्बा बजाया."

"मीच वाजवला. रोजच्यासारखा वाजवला आणि तुम्ही रोजच्यासारखे गप्प बसलात. पण आज माल होतू शेठचा नव्हता. त्या पोरींचा होता."

टोपणची सुपारी थांबली. मला सवयीने वाटलं, पाच वाढवले.

लछूने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. म्हणाला, "अदी, कसम से ध्यानच नाही राहिला. सुबह चाय पे कोणीतरी बोला मशीन कौन लेगा, मैं बोला मी घेतो. बस." तो खोटं बोलत नव्हता. ही माणसं वाईट नव्हती. देवळाला, दवाखान्याला हात सैल सोडून देणारी. त्या दिवशीही द्यायला म्हणून प्रत्येक जण खिसा भरून आला होता, आणि तो भरलेला खिसा घेऊन तीनशेला मशीन मिळाली म्हणून खुशीत बसला होता. मासा पाण्यात भिजतोय हे माशाला कोण सांगणार.

परसू म्हणाला, हरेक जण दोनशे रुपये दान देतो, बात खतम. दोघातिघांनी खिशात हात घातलाही. मी नको म्हटलं. सतरा वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे. वर्गणी मागितली की माणूस शेजारच्याकडे बघून कमी देतो. बोली लावली की शेजारच्याकडे बघून जास्त देतो. आणि रुमालाखाली तर शेजारी दिसतच नाही, तिथे माणूस मनातल्या शेजाऱ्याला हरवायला निघतो. मी म्हटलं, "दान नको. तुमचा दुसरा लिलाव चालू करा. नेहमीसारखाच करा. फक्त वरचा फरक तुमच्यात वाटायचा नाही, तो शाळेचा."

"लेकिन बीच में कौन बैठेगा?" टोपण म्हणाला. भांडण परत तिथेच आलं.

"मी बसतो," भोईर सर म्हणाले. "मी कुणाला डोळ्याने काही सांगेन ही भीती नाही."

आधी कुणी हसलं नाही, हसावं की नाही ते कळेना. मग सर स्वतःच हसले तेव्हा सगळे हसले, आणि भांडण मिटलं. सरांना मी बोटांची भाषा शिकवली. कपातला चहा कोमट व्हायच्या आत त्यांना आली. म्हणाले, एवढंच? आमची पहिलीतली पोरं सहा ठिपक्यांत अख्खी बाराखडी वाचतात.

पहिली मशीन. आठ हात एकामागून एक रुमालाखाली गेले. लछूच्या वेळी सरांनी हात सोडलाच नाही. म्हणाले, "शेठ, परत सांगा."

"दबाया ना सर."

"बोटं बोलली. पण हात अजून थांबलेला नाही. थांबलेला हात सैल पडतो. हा मुठीत काहीतरी धरून आहे."

लछूने हात बाहेर काढून उलटासुलटा बघितला, जणू तो दुसऱ्याचाच होता. परत आत घातला. सरांनी नंतर सांगितलं, सहाचे आठ झाले. त्यानंतर प्रत्येकाची हीच गत. एकाला सर म्हणाले, घाम का आला. दुसऱ्याला म्हणाले, तुमची बोली खरी आहे, उगाच वाढवू नका, आणि त्या माणसाने कुणी सांगितल्याशिवाय शंभर वाढवले, कारण त्याला सगळ्यांपुढे खरं ठरवलं होतं. हॉटेलचा पोऱ्या बश्या घेऊन उभाच राहिला. चौथी मशीन लछूने दुकानातल्या किमतीपेक्षा वर घेतली. नंतर बरीच वर्षं तो म्हणायचा, दुकानातून घेतली असती तर तेलाची कुपी फुकट आली असती.

सोफाही झाला. राहिल्या दोन गाठी. सगळ्यात जास्त फरक त्यांच्यातच होता, आणि टोपणने हात घालायला नकार दिला. म्हणाला, डब्बा वाजला, माल माझा, कायदा आहे. त्याचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, कायदा तुझा आहे, गाठी पोरींच्या आहेत. तो चिडला.

"ज़्यादा बोलेगी तो होतू को बता दूँगा. तू साडी लेती है हमसे."

सगळे खाली बघू लागले. मी म्हटलं, "सांग. अकरा झाल्या. रंग आठवत नसतील तर मी सांगते." माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, पण मनात हिशोब चालू होता. नोकरी गेली तर त्या वयात मला दुसरीकडे कुणी गज देणार नव्हतं.

सरांनी रुमाल सारखा केला. सावकाश म्हणाले, "टोपण शेठ, तुमचा हात राहिला."

टोपणने बाही वर सारली. मग त्याने हात घातला. रुमाल हलला, थांबला, परत हलला. किती ते आम्हाला कुणाला कळलं नाही, पण सरांचं तोंड उघडं राहिलेलं मला दिसलं. त्या माणसाच्या तोंडावर काही उमटायचं नाही अशी माझी समजूत होती. त्यांनी आकडा सांगितला तेव्हा परसूनेच मेहुण्याला विचारलं, भाई, वेडा झालास का. टोपण उठला, पैसे टेबलावर ठेवले, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मेरी माँ को भी नहीं दिखता था," आणि निघून गेला. चहाचे पैसे मात्र त्याने दिले नाहीत.

मंगळवारी मी टोपणच्या आधी जाऊन होतू शेठला सगळं सांगून टाकलं. तो वहीतून मान वर न करता म्हणाला, "रिंग मला दहा साल से मालूम आहे." मी विचारलं, मग चालू का देता. तो म्हणाला, रिंग आहे म्हणून तर आठही जण माझ्या गाळ्यात येतात, दुसरीकडे जात नाहीत. मी सुरुवातीचा भावच चढा धरतो. "और तेरी साडी भी पगार में पकडता हूँ. नाहीतर तुला वाढवून दिला नसता?" म्हणजे जिची मी इतकी वर्षं मनात लाज बाळगली ती साडी त्याच्या हिशोबात होती, आणि माझी पगारवाढ मी अंगावर नेसत होते. तेव्हापासून मी दोन आणि तीनच्या मधे श्वास घ्यायला लागले. पहिल्या महिन्यात चार शिंप्यांना माल मिळाला आणि लछूने मला विचारलं, अदी, दमा झाला का.

रिंगने भोईर सरांना महिन्यातून एकदा मध्ये बसायला बोलावलं, शाळेला देणगी देऊन. सर तीनदा गेले. चौथ्यांदा त्यांना कुणी बोलावलं नाही, कारण मधला माणूस सरळ निघाल्यावर रिंगमध्ये कुणालाच परवडेना. आपसात भांडून ती मोडली आणि ते गाळ्यात एकमेकांवर उघड बोली लावू लागले. होतू शेठ माझ्यावर फार खूश झाला. पगार तोच ठेवला.

जूनमध्ये पाचवीचा वर्ग सुरू झाला. कल्याणहून एक शिकलेली मुलगी शिकवायला आली. मी वर्षभरात एकदाच शाळेत गेले, गणवेशाचं कापड पोचवायला. सहाही मुली बोटं फिरवत वाचत होत्या, मोठ्याने, सगळ्या एकदम, त्यामुळे एकीचंही कळत नव्हतं. मी कापड ठेवून निघाले. अशा ठिकाणी जास्त थांबलं की लोक सत्कार करतात.

पुढच्या मे महिन्यात भोईर सर गाळ्यात आले. या वेळी हात खिशात होते. म्हणाले, "गयाबाई, सहाही पास झाल्या."

मी म्हटलं, फार चांगलं झालं. मला खरंच बरं वाटलं. डोक्यावरचं ओझं उतरलं असं वाटलं. सर उभेच. मी विचारलं, पेढे आणलेत का. नाही म्हणाले. मग उभे का आहात, म्हटलं.

"आता सहावी," सर म्हणाले.

पास झालं की पुढची इयत्ता लागते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्या घरी पास झालं म्हणजे संपलं असायचं. मी बोटं मोजली. सहावी, सातवी, आठवी.

"म्हणजे दहावीपर्यंत आता दर मे महिन्यात हे?" मी विचारलं.

"दहावीनंतर कॉलेज असतं," सर म्हणाले. "बाई, तुम्ही आधी बसा."